ट्युब्युलर बॅटरी ११.३ व्होल्ट दाखवते म्हणजे आत नक्की किती उरलं? रात्री बारालाच बॅकअप संपतोय

गुहागरकर_ठाणे:
नमस्कार मंडळी. गावी आईबाबा दोघंच असतात, मी ठाण्याला. घरी १२ व्होल्टचा सोलर इन्व्हर्टर आहे, १५० एएच (ॲम्पियर-अवर) क्षमतेची सी-टेन (म्हणजे ही क्षमता दहा तासांत उतरवून मोजलेली) ट्युब्युलर बॅटरी एकच, आणि कौलांवर ३३५ वॅटचं एक पॅनल. लावून दीड वर्ष झालं. लावणाऱ्याने सेटिंग असं करून दिलंय की रात्री आधी बॅटरी वापरायची, ती संपली की मग लाइनवर जायचं, म्हणजे बिल कमी येतं म्हणाला. लोड म्हणाल तर रात्री दोन साधे पंखे, चार एलईडी बल्ब आणि वायफायचा राउटर, बस. टीव्ही आणि फ्रिज वेगळ्या लाइनवर आहेत.

पहिले काही महिने अख्खी रात्र निघायची. आता दहाला पंखे लागले की बाराच्या सुमाराला इन्व्हर्टर लाइनवर जातो, आणि लाइट गेलेली असेल तर सरळ अंधार. पावसाळ्यात आमच्याकडे वाऱ्याने फांदी पडली की लाइन दोन दोन दिवस येत नाही, वडिलांना रात्री उठावं लागतं, त्यामुळे मला हे लवकर सुटायला हवंय.

बाबा मला डिस्प्लेचे फोटो पाठवतात. संध्याकाळी सहाला १२.९ व्होल्ट. पंखे लावल्यावर दहा मिनिटांत १२.१. साडेअकराला ११.३. कटऑफ १०.८ ला होतो. पण लोड सुटल्यावर तीच बॅटरी परत ११.८ दाखवते. मी नेटवर एक तक्ता बघितला त्यात १२.७ म्हणजे फुल्ल, १२.२ म्हणजे निम्मी आणि ११.८ च्या खाली म्हणजे रिकामी असं दिलंय. मग पंखे लावल्यावर दहा मिनिटांत बॅटरी निम्म्याखाली जाते का? आणि ११.३ ला ती शून्याच्या खाली चालतेय का? दुकानदार म्हणतो बॅटरी गेली, नवीन घ्या. इतक्यात नवीन घ्यायची मनाची तयारी नाही. कोणी नीट समजावून सांगेल का.

वायरमन_दादा:
बॅटरी बसली असणार. तात्पुरता उपाय, कटऑफ १०.८ वरून १०.२ करा, अजून अर्धा तास तरी मिळेल. आणि ॲसिड कमी झालं असेल, दुकानातून ॲसिड आणून टाका, जोर येतो.

मीटरवाला:
वरचे दोन्ही उपाय कृपा करून करू नका, का ते पुढे सांगतो.

आधी व्होल्टेजचं. तुमचा तक्ता चुकीचा नाहीये पण तो निवांत असलेल्या बॅटरीचा आहे, म्हणजे जिच्यातून करंट बाहेर जात नाहीये आणि आतही येत नाहीये, आणि अशी निदान चार-पाच तास पडून आहे. रात्रभर पडून राहिली तर सगळ्यात उत्तम. चार्जिंग चालू असताना किंवा नुकतं बंद झाल्यावरचा आकडा फुगलेला असतो, प्लेटांच्या वरच्या थरावर चार्ज साचलेला असतो तो, आतपर्यंत मुरलेला नसतो. तुमचे संध्याकाळचे १२.९ हे तसले. आणि लोड चालू असताना आकडा दबलेला असतो कारण बॅटरीच्या आतल्या रेझिस्टन्समध्ये काही व्होल्टेज पडतं. चढ चढून आलेल्या माणसाची नाडी मोजून त्याची तब्येत ठरवत नाहीत तसंच आहे हे. त्यामुळे १२.९ पण खरं नाही आणि ११.३ पण खरं नाही, दोन्ही त्या त्या वेळचे आकडे आहेत.

दुसरं म्हणजे तो तक्ता बहुतेक परदेशी बॅटरीचा आहे. तिकडच्या डीप सायकल बॅटरीत ॲसिडची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या मानाने घनता, १.२६५ ला बोलताना १२६५ म्हणतात) फुल्ल चार्जला १२६५ ते १२८० असते. आपल्याकडच्या इन्व्हर्टरच्या ट्युब्युलरमध्ये १२४० च्या आसपास ठेवतात, कारण आपल्या उन्हाळ्यात जास्त तेज ॲसिड प्लेटा लवकर खातं. हिशोब सोपा आहे, ग्रॅव्हिटीत ०.८४ मिळवा, एका सेलचं व्होल्टेज आलं. १.२४० अधिक ०.८४ म्हणजे २.०८, गुणिले सहा सेल, साधारण १२.५. म्हणजे तुमची बॅटरी अगदी ठणठणीत असती तरी निवांत स्थितीत १२.५ च्या वर जाणार नाही, आणि १२.७ कधी दिसत नाही म्हणून तिला वाईट ठरवायचं कारण नाही. याच हिशोबाने निम्मी म्हणजे अंदाजे १२.१ आणि ११.८ म्हणजे संपलीच. बॅटरीच्या लेबलवर फुल्ल चार्जची ग्रॅव्हिटी लिहिलेली असते ती बघून घ्या, ती १२४० नसेल तर त्या आकड्याने हिशोब करा.

आता कटऑफ. १०.८ हा आकडा सेलमागे १.८ व्होल्ट असा येतो, सी-टेन टेस्टमध्ये बॅटरी तिथपर्यंत उतरवतात. पण त्या टेस्टमध्ये १५० एएचच्या बॅटरीतून १५ ॲम्पियर ओढत असतात. तुमच्या घरी पंखे बंद आहेत आणि फक्त राउटर नि एक झिरोचा बल्ब चालू आहे असं समजा, दीड-दोन ॲम्पियर. इतक्या कमी लोडला व्होल्टेज दबतच नाही, त्यामुळे १०.८ येईपर्यंत बॅटरी अक्षरशः तळापर्यंत रिकामी झालेली असते. उलट मिक्सर लावला की भरलेली बॅटरी पण क्षणभर खाली जाते आणि इन्व्हर्टर टुंग करून बंद होतो. म्हणजे एकच कटऑफ, पण मोठ्या लोडला तो लवकर येतो आणि छोट्या लोडला फार उशिरा. रात्रभर चालणारा छोटा लोड बॅटरी मारतो हे लोकांच्या लक्षातच येत नाही. म्हणून १०.२ वगैरे अजिबात करू नका.

तुमच्या घरचा माझा अंदाज असा की बॅटरी रोज तळाला जाते आणि दिवसा पूर्ण भरतच नाही. खात्री करायला तीन गोष्टी लागतील. भर दुपारी पॅनलकडून किती ॲम्पियर येतात, सहाही सेलची ग्रॅव्हिटी, आणि संध्याकाळी बॅटरी स्विच बंद करून ठेवून सकाळी साध्या मल्टिमीटरने थेट टर्मिनलवर घेतलेलं व्होल्टेज. डिस्प्लेवरचं नको, तो वायरच्या दुसऱ्या टोकाला मोजतो.

बारामती_बॅटरी:
माझं बॅटरी रिपेअरचं दुकान आहे, हेच काम रोज करतो म्हणून लिहितोय. मीटरवाल्यांशी सहमत, आणि ॲसिडबद्दल कळकळीने सांगतो, चालू बॅटरीत ॲसिड कधीच टाकायचं नाही. बॅटरीतून उडून जातं ते पाणी, ॲसिड जागेवर राहतं. बॅटरी उतरते तेव्हा ॲसिडमधलं सल्फेट प्लेटांवर जाऊन बसतं म्हणून ग्रॅव्हिटी कमी दिसते, चार्ज केली की ते परत पाण्यात येतं. तुम्ही वरून ॲसिड ओतलं तर ग्रॅव्हिटी चांगली दिसेल, गिऱ्हाईक दोन दिवस खूश होतं, आणि पुढच्या उन्हाळ्यात प्लेटा झडून खाली गाळ होतो. फक्त डिस्टिल्ड वॉटर, आणि ते पण चार्जिंग पूर्ण झाल्यावर. उतरलेल्या बॅटरीत पाणी कमी दिसतंच, तेव्हा वरपर्यंत भरलं तर चार्जिंगला फुगून ॲसिड बाहेर येतं आणि टर्मिनलला चुना धरतो. प्लेटाच उघड्या पडल्या असतील तर मात्र त्या बुडतील इतकंच आधी टाका. बोअरचं नको, विहिरीचं नको, घरातल्या आरओचं पण नको.

आता मुख्य गोष्ट. बॅटरी एकदा खोल उतरली म्हणून मरत नाही हो, ती उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की मरते. प्लेटांवर बसलेलं लेड सल्फेट सुरवातीला मऊ बारीक कणांचं असतं, लगेच चार्ज केलं की विरघळतं. तसंच दिवसेंदिवस राहिलं की कडक खडे होतात आणि मग कितीही चार्ज करा, तो भाग कामातून गेला. याला सल्फेशन म्हणतात. एकदा रात्री तळाला गेली आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण भरली तर ती उठते. निम्मीच भरली, परत तळाला गेली, परत निम्मी भरली, असं रोज चाललं तर चांगल्यातली चांगली बॅटरी दोन वर्षांत बसते. माझ्याकडे वॉरंटीचे म्हणून येतात त्यात कितीतरी बॅटऱ्यांत दोष कंपनीचा नसतोच, चार्जिंग अपुरं असतं.

हायड्रोमीटर (ग्रॅव्हिटी मोजायचं साधन) कुठल्याही बॅटरीच्या दुकानात स्वस्तात मिळतो, आणून ठेवा. वडिलांना सांगा ग्रॅव्हिटी घेताना चष्मा घालायला, जुनं सुती कापड नको कारण ॲसिडचा थेंब पडला की भोक पडतं, जवळ पाण्याची बादली ठेवायला. उदबत्ती, विडी, काडीपेटी खोलीत नको, चार्जिंगला हायड्रोजन निघतो. बऱ्याच घरात देव्हारा आणि इन्व्हर्टर एकाच खोलीत असतात म्हणून मुद्दाम लिहितोय. आणि ग्रॅव्हिटी २७ डिग्रीला धरतात, ॲसिड १० डिग्री जास्त गरम असेल तर वाचलेल्या आकड्यात ७ मिळवायचे. म्हणजे ३७ डिग्रीला १२३३ दिसलं तर ते १२४० च समजा.

गुहागरकर_ठाणे:
खूप खूप आभार, इतकं सविस्तर कोणीच सांगितलं नव्हतं. या शनिवारी गावी गेलो आणि सगळं स्वतः मोजलं.

संध्याकाळी उन्हं गेल्यावर ग्रॅव्हिटी घेतली: ११७०, ११६५, ११७०, ११४०, ११६५, ११७०. बॅटरी स्विच बंद करून रात्रभर तशीच ठेवली, सकाळी टर्मिनलवर १२.० व्होल्ट. पाणी दोन सेलमध्ये खालच्या खुणेला आलेलं. दुपारी बाराला कडक ऊन असताना डिस्प्लेवर पॅनलचा करंट ८.७ ॲम्पियर, त्याच्यावर जातच नव्हता. पॅनलच्या मागच्या स्टिकरवर ३७.८ व्होल्ट आणि ८.८७ ॲम्पियर लिहिलंय. इन्व्हर्टरच्या बॉक्सवर पीडब्ल्यूएम लिहिलंय, ते काय असतं?

मीटरवाला:
सापडलं, तिथेच सगळं आहे.

पीडब्ल्यूएम कंट्रोलर पॅनलला सरळ बॅटरीशी जोडतो आणि गरजेप्रमाणे चालू-बंद करतो. त्यामुळे पॅनलला बॅटरीच्याच व्होल्टेजवर यावं लागतं. तुमचं पॅनल ३८ व्होल्टला काम करायला बनवलंय, ते १३ वर ओढलं जातंय. ॲम्पियर तेवढेच राहतात, ८.८ गुणिले १३ म्हणजे ११५ वॅट. ३३५ चं पॅनल लावून ११५ वॅट मिळतायत, बाकीचे वाया जातात. १२ व्होल्टच्या बॅटरीवर पीडब्ल्यूएम लावायचा तर पॅनल ३६ सेलवालं, १८ व्होल्टच्या आसपासचं लागतं. ७२ सेलचं लावायचं असेल तर एमपीपीटी हवा, तो जास्तीचं व्होल्टेज ॲम्पियरमध्ये बदलून देतो. तुमच्या पॅनलवर एमपीपीटीने उन्हाची गरमी, धूळ सगळं वजा जाऊन १८ ॲम्पियरपर्यंत जायला हरकत नाही. घ्याल तेव्हा कंट्रोलरला पॅनलचं ओपन सर्किट व्होल्टेज झेपतं का ते बघा, ७२ सेलचं ते ४६ च्या आसपास असतं.

आता हिशोब लावून बघा. ८.७ ॲम्पियर आणि दिवसाचं खरं कामाचं ऊन पावणेपाच-पाच तास धरा, चाळीस-बेचाळीस एएच आत गेले. रात्री दोन पंखे दीडशे वॅट आणि राउटर दहा वॅट, इन्व्हर्टर १५ टक्के खातो असं धरून साधारण १६ ॲम्पियर, दहा ते बारा दोन तास म्हणजे ३२, त्याच्या आधी संध्याकाळचे बल्ब दहाएक. झाले बेचाळीस. जेवढं दिवसा आत गेलं बरोबर तेवढंच रात्री बाहेर आलं! तुमची बॅटरी १५० एएचची असून कित्येक महिने खालच्या चाळीस टक्क्यांतच वरखाली करतेय, वरचा भाग कधी भरलाच नाही. सुरवातीला नवी बॅटरी भरलेली होती आणि लावतानाचा हंगाम थंडीचा असेल, पंखे कमी, म्हणून रात्र निघायची. हे बॅटरी खराब असल्याचं लक्षण नाहीये, उपाशी असल्याचं आहे. चौथा सेल मागे पडलाय तेवढा फक्त बघायला लागेल.

बारामती_बॅटरी:
बरोबर. नवीन बॅटरी अजिबात घेऊ नका आत्ता, तीच चूक राहिली तर नवी बॅटरी पण परत दीड वर्षात अशीच होईल.

पहिलं काम फुकटचं आहे. सेटिंगमध्ये जाऊन लाइनवरून चार्जिंग चालू करा आणि रात्रीचं बॅटरी वापरणं सध्या पूर्ण बंद ठेवा. चार्जिंग करंट १५ ॲम्पियर, म्हणजे एएचच्या दहा टक्के, बॅटरी टाइप ट्युब्युलर, ॲब्सॉर्प्शन (म्हणजे चार्जिंगचं वरचं व्होल्टेज) १४.४. सलग चार्ज होऊ दे, एक दिवस लागेल, दीड लागेल, घाई नाही. करंट उतरत उतरत तीनएक ॲम्पियरवर आला की मग पाणी टाका आणि अजून चालू ठेवा. चौथा सेल तरी मागेच राहिला तर इक्वलायझेशन करायचं, म्हणजे सगळे सेल सारखे व्हावेत म्हणून मुद्दाम जास्तीचं चार्जिंग, १५ व्होल्टच्या पुढे, चार-पाच ॲम्पियरने हळूहळू, दर तासाला ग्रॅव्हिटी घ्यायची, लागोपाठ तीन वेळा वाढली नाही की थांबायचं. हात लावून बघत राहा, बॅटरी चांगलीच गरम वाटली तर बंद करून थंड होऊ द्या. खिडक्या उघड्या. हे सील बॅटरीला कधी करू नका, फक्त पाण्याच्या बॅटरीला. स्वतः गावी असाल तेव्हाच करा, बाबांवर एकट्यावर सोडू नका.

दापोलीची_ताई:
आमचं पण सेम टू सेम आहे म्हणून लिहिते, पण मी बॅटरीच्या नाही पंख्याच्या बाजूने सांगते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या भागात कित्येक आठवडे लाइन नव्हती, खांबच्या खांब आडवे झालेले. वाडीत आमच्याकडेच पॅनल होतं, सगळ्यांचे मोबाइल आमच्या पडवीत चार्जिंगला. तेव्हा एक एक वॅट मोजायची सवय लागली ती आजतागायत आहे.

तुमचे दोन साधे पंखे ७५ वॅटचे, आठ तास चालले की १२०० वॅटअवर झाले. तुमची अख्खी बॅटरी १५० गुणिले १२ म्हणजे १८०० ची, निम्मीच वापरायची म्हटलं तर ९००, त्यातून इन्व्हर्टरचं नुकसान गेलं की साडेसातशेच हातात येतात. म्हणजे बॅटरी नवी कोरी आणि फुल्ल असली तरी हे दोन पंखे रात्रभर तिला निम्म्यावर ठेवूच शकत नाहीत. बीएलडीसी (ब्रशलेस मोटरचे) पंखे लावा, ३० वॅट खातात, दोन मिळून आठ तासात ४८०. बल्ब आणि राउटर धरून सव्वासातशे होतील, म्हणजे ७० एएचच्या जवळपास, निम्म्याच्या आत बसलं. मीटरवाल्यांनी सांगितलेल्या एमपीपीटीने दिवसाला पंच्याऐंशी एएच येतील तर रोज भरून पण निघेल. दुसरी बॅटरी घेण्याआधी पंखे बदला असं मी सगळ्यांना सांगते, आणि वयस्कर माणसांना रिमोट पण बरा पडतो, उठावं लागत नाही.

पावसाळ्यात सलग ढग असले की आम्ही रात्रीचा बॅटरी मोड बंदच करतो. लाइन आहे तोवर लाइन वापरायची आणि बॅटरी भरलेली ठेवायची, कारण ती नेमकी लागणार असते वादळात. बिलाचे जे काही पैसे वाचतात ते त्या एका रात्रीपुढे काहीच नाहीत.

नवीन_सोलरवाला:
मध्येच विचारतो, लिथियम घेतली तर ही व्होल्टेजची कटकट संपते ना?

मीटरवाला:
वापरायला चांगली आहे, ऐंशी टक्के उतरवली तरी तिला फार फरक पडत नाही आणि अर्धवट चार्ज ठेवलेली तिला उलट आवडते. पण व्होल्टेजवरून अंदाज घ्यायचा तर ती लेड ॲसिडपेक्षा अवघड. लिथियम फॉस्फेटचा १२ व्होल्टचा पॅक निवांत असताना बराच मोठा भाग १३.० ते १३.३ च्या मध्येच असतो, सत्तर टक्के आहे की चाळीस टक्के ते साध्या मीटरवर कळत नाही, आणि शेवटी एकदम खाली कोसळतो. तिथे शंटवाला मीटर लावून आत किती ॲम्पियर-अवर गेले नि बाहेर किती आले ते मोजावंच लागतं. खरं तर लेड ॲसिडला पण तो लावावा असं माझं मत आहे. शिवाय इन्व्हर्टरमध्ये लिथियमचं सेटिंग हवं, ट्युब्युलरच्या सेटिंगवर लावू नका.

गुहागरकर_ठाणे:
मंडळी, अपडेट द्यायला आलो. एक आठवडा रजा टाकून गावीच राहिलो. लाइनवरून पूर्ण चार्ज केली, पाणी टाकलं, बारामतीच्या दादांनी सांगितलं तसं इक्वलायझेशन केलं. आताच्या ग्रॅव्हिटी १२३५, १२३५, १२४०, १२१५, १२३०, १२३५. रात्रभर निवांत ठेवून सकाळी १२.४५. टर्मिनलवर खाऱ्या हवेने पांढरं-हिरवं साचलेलं, ते गरम पाण्याने धुऊन व्हॅसलीन लावलं. एक बीएलडीसी पंखा आईबाबांच्या खोलीत लागला, दुसरा आणि एमपीपीटी गणपतीला येताना आणणार. आई म्हणाली पंख्याचा आवाजच येत नाही. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार, ताई तुमचं पावसाळ्याचं सेटिंग तर लगेच करून टाकलं.

आता फक्त एक सांगा, पावसाळा संपल्यावर परत रात्री बॅटरीवर चालवायचं तर लाइनवर जायचा आकडा किती ठेवू?

मीटरवाला:
फार छान वाटलं वाचून. दोन्ही पंखे बदलल्यावर तुमचा लोड सात-आठ ॲम्पियरच राहील, म्हणजे हलका, तेव्हा व्होल्टेज जास्त दबणार नाही. लाइनवर जायचा आकडा १२.० ठेवा, इन्व्हर्टर तेवढा वर घेत नसेल तर ११.८. तोपर्यंत जुना पंखा चालू असेल तर त्याच्यासकट ११.८ ठीक आहे. लाइन नसतानाचा शेवटचा कटऑफ वेगळा असतो, तो ११.२ करा, १०.८ नको. परत बॅटरीवर यायचा आकडा १३.५ तरी ठेवा नाहीतर सकाळी थोडं ऊन आलं की लगेच बॅटरीवर उडी मारेल. आणि महिन्यातून एकदा लाइनवरून पूर्ण चार्ज करून बाबांना सहा सेलची ग्रॅव्हिटी वहीत लिहायला सांगा.

बारामती_बॅटरी:
चौथ्या सेलवर लक्ष ठेवा, बाकीच्यांपेक्षा तीसच्या वर फरक गेला तर वॉरंटी संपायच्या आत बॅटरी घेऊन दुकानात जा, वहीतले आकडे दाखवा. लोड टेस्टरवर सेल टेस्ट करायला लावा, नुसतं व्होल्टेज बघून परत पाठवू देऊ नका.